बार्शी रस्त्यावरची सायकल फेरी: झेंडा दाखवल्यानंतरचं काम

कर्करोग संशोधनासाठी सायकल फेरी निघणार म्हटल्यावर सोलापुरात माणसांची वाण पडत नाही. पार्क चौकात झेंडा दाखवायला, टी-शर्ट वाटायला, फोटोत उभं राहायला हवे तेवढे हात मिळतात. नान्नजच्या अलीकडच्या वळणावर साडेनऊच्या उन्हात शेवटचा गडी येईपर्यंत थांबायला मात्र कुणी नसतं. हे लिहिलंय ते त्या वळणावर उभं राहणाऱ्यांसाठी.

हिशेबाला सोपं जावं म्हणून एक फेरी समोर ठेवू. दीडशे सायकलस्वार, शहरातून बार्शी रस्त्यानं नान्नजपर्यंत जाऊन परत, साधारण 45 किलोमीटर. तारीख 4 फेब्रुवारीच्या जागतिक कर्करोग दिनाजवळचा रविवार. ज्यांच्या पायात जोर आहे त्यांनी वडाळा, वैराग करत थेट बार्शी गाठावी. ते एका बाजूचे सत्तरच्या आसपास भरतात.

तुळजापूर किंवा अक्कलकोट सोडून हाच रस्ता घ्यायचं कारण बार्शीत आहे. फेरीत कुणीतरी विचारतंच, "पैसे जातात कुठं?" तेव्हा स्वयंसेवकाला "संशोधनाला" याच्यापुढे दोन वाक्यं तरी बोलता आली पाहिजेत. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाकडं 1987 पासून ग्रामीण भागातल्या कर्करोग रुग्णांची नोंदवही आहे, देशातली ग्रामीण भागातली पहिली. दवाखान्यात आला तो रुग्ण लिहून घेतला, एवढ्यावर ती चालत नाही. कर्मचारी गावोगाव जातात, बैठका घेतात, लक्षणं समजावून सांगतात आणि दुखणं अंगावर काढणाऱ्यांना शोधतात. शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं हे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. निष्कर्ष 2009 साली आले. एकदाच एचपीव्ही (हा कर्करोग ज्याच्यामुळं होतो तो विषाणू) चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगानं 34 मृत्यू झाले, तर नेहमीच्याच सेवेवर राहिलेल्या गटात 64. दोन्ही गट तीस-चौतीस हजारांचे. ज्या आकड्यांवर जगभरच्या तपासणीचं धोरण बोलतं, त्यातले काही आपल्या शेजारच्या गावांतून उचललेले आहेत. संशोधनाचा पैसा अशाच कामाला लागतो: नोंदी, नमुने, आणि त्याच बाईच्या घरी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या माणसाचा पगार. सायकलस्वारांना हे सांगा. औषधगोळ्यांच्या मदतीपेक्षा ही मदत वेगळी आहे, हे कळल्यावर लोक जास्त नेटानं देतात.

आता काम. जानेवारीचा मध्य टाळा. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीनं शहरातले रस्ते बंद असतात आणि पोलिसांकडं माणूस शिल्लक नसतो. मार्चपासून ऊन नको होतं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा बरा. दुपारी पारा तेहतीस-चौतीसला जातो, पण सकाळ थंड असते. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला सोडलं तर दिसायला लागलेलं असतं, आणि ताशी 12 किलोमीटरनं रमतगमत येणारासुद्धा साडेदहापर्यंत परत येतो. साडेसातला सोडलं की हाच माणूस सव्वाअकराला पोचतो. ते पाऊण तास पूर्ण उन्हातले असतात आणि त्यातच लोक आडवे होतात. तेव्हा पाहुण्यांची वाट बघत झेंडा लांबवू नका. पाहुण्यांना समारोपाला बोलवा.

परवानगीत एक खाच आहे. शहराची हद्द पोलीस आयुक्तालयाची, बाहेर पडलं की सोलापूर ग्रामीणची. एकच अर्ज देऊन भागत नाही, दोन्हीकडं द्यावा लागतो. सोबत मार्गाचा नकाशा, वेळ, माणसांची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा फोन. तुळजापूरला फेरी नेली तर जिल्हाच बदलतो, म्हणजे तिसरा अर्ज. पोच घेतलेल्या प्रती प्रत्येक चौकातल्या स्वयंसेवकाच्या खिशात असाव्यात. फाईलमध्ये घरी ठेवलेल्या परवानगीचा रस्त्यावर उपयोग नाही.

नोंदणीचं गणित नेहमी चुकतं. नाव शोधणं, सही घेणं, घरच्यांचा फोन नंबर लिहून घेणं, छातीवरचा क्रमांक देणं, याला माणशी एक मिनिट धरा. एका टेबलावर दीडशे जण म्हणजे अडीच तास. चार टेबलं लावली तर चाळीस मिनिटं. टेबलं आडनावावर वाटू नका, एकाच आडनावाचे वीस निघतात. क्रमांकावर वाटा, 1 ते 40, 41 ते 80 असं. क्रमांक आदल्या संध्याकाळी दिलेले सगळ्यात उत्तम. सकाळी मग फक्त खूण करायची राहते. क्रमांकाच्या कागदामागं रक्तगट, घरचा फोन आणि मधुमेह, दमा, रक्तदाबाच्या गोळ्या असं काही असेल तर ते लिहायला लावा. आणि एका टेबलावर तेलुगू, एकावर कन्नड बोलणारा कुणीतरी असू द्या. सूचना मराठीत कळली तरी दुखलं-खुपलं माणूस आपल्या भाषेतच सांगतो.

नोंदणीनंतर सायकल तपासणी. एका सायकलीला पाऊण मिनिट पुरतं, ते असं. दोन्ही टायर अंगठ्यानं दाबा. पुढचा ब्रेक आवळून सायकल पुढं ढकला, मग मागचा. ब्रेकचा दांडा मुठीला टेकत असेल तर तार ओढून घ्यावी लागेल. चाक धरून आडवं हलवा, खटखट आली तर नट किंवा क्विक रिलीज (चाक झटकन काढायची कळ) सैल आहे. ही खटखट आढळली की सायकल बाजूला घ्या, दुरुस्तीशिवाय सोडू नका. बाकी बारीकसारीक चालवून घेता येतं. पॅडल उलटं फिरवून साखळी बघा. हेल्मेटच्या पट्ट्यात हनुवटीखाली दोन बोटं जावीत, चार नाही. मागचा लाल दिवा नसेल तर लाल परावर्तक पट्टी चिकटवा, एक गुंडाळी सगळ्यांना पुरते.

मार्गावर बाण फक्कीनं काढा, ऑइल पेंटनं नको. आदल्या रात्री काढलेले बाण ट्रकच्या चाकांखाली सकाळपर्यंत पुसले जातात, म्हणून पहाटे पाचला मोटारसायकलवर दोघं निघावेत: एक चालवणारा, एक फक्की टाकणारा. प्रत्येक वळणाला तीन बाण. वळणाआधी पन्नास मीटर, वळणावर, आणि वळण घेतल्यावर "बरोबर आलात" हे सांगणारा. तिसरा बाण सगळे विसरतात. मग गडी बरोबर रस्त्यावर असूनही शंका येऊन मागं फिरतो.

चौकातल्या स्वयंसेवकानं एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी. गाड्या थांबवायचा अधिकार पोलिसांना आहे, तुम्हाला नाही. झेंडी सायकलस्वारांसाठी असते. वाहन येत असेल तर लाल झेंडी दाखवून सायकली थांबवा, वाट मोकळी झाली की हिरवी. ट्रकपुढं हात आडवा करून उभं राहिल्यानं फेरीची शान वाढत नाही. उभं राहायचं ते वळणाच्या वीस-तीस मीटर अलीकडं, सायकलींकडं तोंड करून, चकाकणारं जाकीट घालून. ऐन कोपऱ्यावर उभा राहिलेला माणूस दिसेपर्यंत वळण निघून गेलेलं असतं.

या दिवसांत रस्त्यावर सगळ्यात धोक्याचं काय असेल तर उसाचा ट्रॅक्टर. गाळप चालू असतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, बाजूला ऊस बाहेर आलेला, मागं दिवा असेलच असं नाही. दोन चुका हमखास होतात. ट्रॉलीच्या आडोशानं वारा कमी लागतो म्हणून पोरं तिच्या मागं चिकटतात, किंवा दांडीला धरून ओढून घेतात. ट्रॉली खड्ड्यात आपटली की ऊस अंगावर येतो आणि मागच्याला ब्रेक मारायला जागा नसते. सकाळच्या सूचनांत एकच वाक्य सांगायला वेळ असेल तर ट्रॉलीपासून लांब राहायचं हे सांगा, बाकीचं छापून द्या. त्याखालोखाल गावांतले रंग न मारलेले गतिरोधक, मेंढ्यांचे कळप आणि रस्त्यावर मळणीला पसरलेली तूर. तुरीच्या काड्यांवर बारीक टायर सरकतो. तिथं वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, सरळ जाऊ द्यायचं. आदल्या दिवशी मार्ग बघून आलात की अशा जागा कळतात. शेतकऱ्याशी हुज्जत घालू नका, रास त्याची आहे.

पाण्याकडं वळू. तासाला माणशी अर्धा लिटर धरा, ऊन चढल्यावर पाऊण. प्रत्येकानं एक भरलेली बाटली घेऊन निघायचं आणि वाटेत दोन ठिकाणी भरायची. जाताना-येताना दोन्ही वेळेला कामी येईल अशी एक पाणपोई निम्म्यावर आणि दुसरी नान्नजला. नान्नजला दीडशे बाटल्या प्रत्येकी अर्धा लिटर म्हणजे 75 लिटर. हात-तोंड धुणं, डोक्यावर ओतणं आणि सांडलवंड धरून 120, म्हणजे वीस लिटरचे सहा जार. निम्म्यावरच्या पाणपोईला दोन्ही वेळचे मिळून दहा. तोटीचे दोन जार टेबलावर, आणि जास्तीत जास्त काम उरकतं ते चोचीच्या मगांनी. बाटलीचं तोंड लहान असतं, तोटीखाली ती भरायला अर्धं मिनिट लागतं आणि रांग रस्त्यावर येते. चौघं मग घेऊन उभे राहिले तर मिनिटाला आठ-दहा बाटल्या भरतात. कागदी पेले ठेवूच नका, वाऱ्यानं उडून शेतात जातात. नान्नजला तर माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. तिथं कचराही नको आणि कर्णेही नकोत.

पाणपोईची जागा उतारावर नसावी. उतारावर कुणी थांबत नाही, थांबलाच तर मागचा येऊन धडकतो. चढ संपल्यावर, रस्त्याच्या डाव्या हाताला, डांबरापासून चार-पाच मीटर आत, आणि खाली बाभळीचे काटे नाहीत अशी. काट्यांचं आधी झाडून घ्या. पाणपोईवर पाणी पिऊन निघालेल्यांची चाकं शंभर मीटरवर बसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा तिथल्याच वेड्या बाभळीचे काटे असतात.

ओआरएसबद्दल थोडं कडक बोलायला हवं. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. छोट्या पुड्या 200 मिलीच्या मिळतात. पुडीवर वाचा. मोठी पुडी एका पेल्यात कालवून देणारा उत्साही स्वयंसेवक दर फेरीत एक तरी असतोच. त्यानं मीठ-साखर पाचपट होते, तहान वाढते आणि उलटी होते. उलट, पुडी दोन लिटरमध्ये "पुरवून" वापरली की ते नुसतं गोडसर पाणी. पाच लिटरच्या भांड्यात पाच पुड्या, वर झाकण, भांड्यावर कालवल्याची वेळ. चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं. खोक्यातली गोड पेयं ओआरएसची जागा घेत नाहीत. आणि साधं पाणी ढसाढसा पाजणंही बरं नव्हे: तीन-चार तास घाम गाळून नुसतंच पाणी भरलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. तो उन्हानं तसं करतोय समजून आणखी पाणी पाजलं जातं. तिथं डॉक्टरच हवा.

खायला केळी, माणशी दोन, म्हणजे पंचवीस डझन. सालीसकट अर्धी कापून ठेवली की लोक हवं तेवढंच घेतात. सोबत चिक्की, खजूर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपली शान खरी, पण ती शेवटाला. निम्म्या वाटेवर तिखट-कोरडं खाऊन पुढचे वीस किलोमीटर घशाला शोष पडतो. साली टाकायला पोती बांधा, एक पाणपोईजवळ आणि एक पन्नास मीटर पुढं, कारण लोक खात खात निघतात.

बायकांसाठी स्वच्छतागृह हा प्रश्न पुरुष स्वयंसेवकांना शेवटच्या क्षणी आठवतो. रविवारी शाळा बंद असते. मुख्याध्यापकांना आठवडाभर आधी भेटा, किल्ली आदल्या दिवशी हातात घ्या, नळाला पाणी येतंय का ते बघा, बादली, साबण ठेवा आणि पाटी लावा.

दुरुस्तीच्या गाडीत कौशल्यापेक्षा योग्य मापाची ट्यूब महत्त्वाची. सोलापुरात फेरीला तीन जातीच्या सायकली येतात. बारीक टायरच्या, 700 मापाच्या, बहुधा निमुळत्या प्रेस्टा वाल्वच्या. जाड टायरच्या गिअरवाल्या, 26, 27.5 आणि 29 इंची, मोटारसायकलीसारख्या वाल्वच्या. आणि साध्या काळ्या 28 इंची, रबरी नळीच्या जुन्या वाल्वच्या. तिन्हींना बसेल असं पंपाचं तोंड घेतलं नाही तर पंप असून हवा भरता येत नाही. दीडशे सायकलींना 700 च्या आठ, बाकी प्रत्येक मापाच्या चार ट्यूब आणि वाल्वची रबरी नळी हातभर, एवढं आम्हाला पुरेसं वाटतं. टायर काढायच्या लिव्हरचे तीन जोड, 4, 5, 6 मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, साखळी तोडणीयंत्र, 8, 9 आणि 10 गिअरच्या साखळीच्या क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायच्या कड्या), तेल, चिंध्या.

पंक्चर काढताना ट्यूब बदलायची घाई आणि काटा टायरमध्येच, हा ठरलेला प्रकार. मग नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते. आधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, वाल्वपासूनचं अंतर टायरवर धरा, काटा नेमका तिथं असतो. मग चिंधी टायरच्या आतून फिरवा. जिथं अडकेल तिथं दुसरा. बोट फिरवू नका, बाभळीचा काटा नखात मोडतो. ठिगळ लावायचं तर पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन लावा आणि ते ओलं असेपर्यंत ठिगळाला हात लावू नका. तीन-चार मिनिटं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. ओल्यावर चिकटवलेलं ठिगळ हवा भरली की सरकतं. हवा टायरच्या बाजूला छापलेली असते तेवढीच. बारीक टायरला ऐंशी पीएसआयच्या पुढं, जाडला चाळीसच्या आसपास. जाड टायरला ऐंशी भरून फोडलेले पाहिलेत.

सगळ्यांच्या मागं टेम्पो. छोटा हत्ती चालतो, आठ-नऊ सायकली मावतात, एकीचं तोंड पुढं, दुसरीचं मागं. मध्ये जुन्या सोलापुरी चादरी घाला, रंग खरवडला जात नाही. गिअरचा हात असलेली उजवी बाजू कधीही खाली दाबू नका. टेम्पोनं शेवटच्या सायकलस्वाराच्या मागं राहायचं असतं, पण चालकाला कंटाळा येतो आणि तो पुढं जाऊन टपरीवर थांबतो. चालकाशेजारी एक स्वयंसेवक बसवा, चहा त्याच्या हातात द्या.

आणि मोजणी. सुटताना किती, निम्म्यावर किती, नान्नजला किती, परत किती. प्रत्येक ठिकाणी क्रमांकांची छापील यादी आणि पेन, मोबाईलवर नको. उन्हात पडदा दिसत नाही आणि घामट बोटानं खूण होत नाही. सुटताना 148 आणि नान्नजला 146 आले तर ते दोघं कोण, हे त्याच मिनिटाला कळलं पाहिजे. बहुतेक वेळा ते अर्ध्यातून घरी गेलेले असतात आणि मागं टेम्पो त्यांना शेताच्या बांधाबांधानं शोधत असतो. म्हणून क्रमांक देतानाच सांगायचं: सोडून जाणार असाल तर क्रमांक जवळच्या स्वयंसेवकाला परत द्या. निरोपांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन गट करा. एकात फोटो, दुसऱ्यात फक्त काम. एकच गट असला की "67 नंबर पडलाय" हा निरोप चाळीस सेल्फींखाली गाडला जातो.

पडलेल्याची जखम भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा, खडे निघू द्या, जाळीची पट्टी बांधा. हळद, कॉफी, टूथपेस्ट नको, डॉक्टरला तेच आधी खरवडावं लागतं. खांद्याचं हाड दुखत असेल तर हात गळपट्टीत अडकवून टेम्पोत बसवा. डोकं आपटलं असेल आणि तोच प्रश्न दोनदा विचारत असेल, तर तो कितीही "ठीक आहे" म्हणाला तरी सायकल काढून घ्या. बेशुद्ध असेल तर हेल्मेट ओढू नका, मान हलवू नका, 108 ला फोन. ऊन लागलेला माणूस बरळत असेल, अंग तापलेलं असेल, तर सावली, ओलं फडकं, वारा, आणि 108. जागा सांगताना "नान्नजच्या अलीकडं" पुरत नाही. किलोमीटरचा दगड आणि रस्त्याची बाजू सांगा. प्रत्येक पाणपोईवर जवळच्या दगडाचा आकडा आधीच लिहून ठेवा.

पैशांचं सगळ्यात शेवटी, पण ढिलाईला जागा नाही. देणगीचा क्यूआर ज्या संस्थेला पैसे जायचे तिच्याच खात्याचा हवा. "तात्पुरता माझा घ्या, मी वळते करतो" हे कितीही चांगल्या मनानं म्हटलं तरी नको. पावती कुणाच्या नावाची, हा प्रश्न नंतर सुटत नाही. प्रवेश शुल्क आणि देणगी वेगळी ठेवा. टी-शर्ट, नाष्टा, क्रमांक यांच्या बदल्यात घेतलेले पैसे देणगी नव्हेत, त्यावर करसवलत मागता येत नाही. ज्यांना सवलतीची पावती हवी त्यांचा पॅन आणि पत्ता जागेवरच लिहून घ्या. 2000 रुपयांवरची रोख देणगी सवलतीत बसत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन. आमचं मत विचाराल तर पदकं छापूच नयेत. दीडशे पदकांचा खर्च देणगीतूनच जातो आणि ती पुढं खुंटीला लटकतात.

परतताना टेम्पोवाल्यानं पाट्या, पोती, झेंड्या उचलत यायचं. उरलेली केळी शाळेच्या शिपायाला. जार त्याच दिवशी परत, नाहीतर अनामत बुडते. मोजणीच्या सगळ्या याद्या एका फाईलीत लावा, आणि न आलेल्या क्रमांकांना संध्याकाळी एकेक फोन करून पोचले का ते विचारा.